देव्हारा, काळी ट्रंक आणि आम्ही

समई | १० सप्टेंबर, रात्री ११:०५

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेच. थोडं लांबेल.

सासरे जाऊन दोन वर्षं झाली. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात कोरेगाव तालुक्यातलं घर बंद करून त्यांना पुण्याला आणलं. टेम्पोत फार काही नव्हतं. त्यांचं अंथरूण, पितळी डबे, देव्हारा आणि सासऱ्यांची काळी ट्रंक. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर आणि नाव अजून वाचता येतं.

पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी लाल फडक्यात बांधलेले टाक, म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे देव, माझ्या हातात दिले. खंडोबा, भवानी, जोतिबा आणि एक घोड्यावरचा स्वार, त्याला त्या नुसतं 'वीर' म्हणतात. "आता हे तुझं," एवढंच बोलल्या. ट्रंकेची किल्ली खरं तर त्यांच्या मुलाला द्यायची, तीही माझ्याच हातावर ठेवली.

आता माझी अडचण. मी नास्तिक नाही, पण साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणून उपास करणाऱ्यांपैकी आहे. आमच्याकडे दिवेलागणीला इलेक्ट्रिकची समई लागते, अलेक्सा शुभंकरोती म्हणते आणि आम्ही दोघं तेव्हा चांदणी चौकात अडकलेले असतो. १५ ऑगस्टला सोसायटीत झेंडावंदन, मग सामोसा-जिलबी, मग दुपारची झोप. परवा थोरली (आठवीत) म्हणाली, "आई, तुझा तरी विश्वास आहे का? नसेल तर मी का करू?" आणि धाकट्याने (तिसरीत) विचारलं, "आजोबा खऱ्या युद्धात होते?" मला दोन्हीची उत्तरं देता आली नाहीत.

सासऱ्यांच्या अंगात देव, घर आणि देश असे मुरले होते की एकातून दुसरं वेगळं काढता आलं नसतं. झेंडावंदनाला निघताना आधी देवाला हात जोडायचे, मग आईच्या फोटोला, मग आरशासमोर उभं राहून कोटाला मेडल लावायचे. मला स्वतःला जे अर्धंमुर्धंच पटतं ते मुलांना द्यायचं का? द्यायचं तर कसं? नवरात्र बारा दिवसांवर आलंय. घट बसवायचे की नाही, इथूनच सुरुवात आहे.

झणझणीत | १० सप्टेंबर, रात्री ११:१९

आयडी 'समई' आणि घरात इलेक्ट्रिकची! आधी हे मिटवा, मग देशाचं बघू.

कऱ्हाडकाठ | ११ सप्टेंबर, सकाळी ७:४०

समईताई, छान लिहिलंय.

आमच्या लहानपणी याला कुणी 'संस्कार' म्हणत नव्हतं, 'परवचा' म्हणायचे. दिवा लागला की हातपाय धुऊन भिंतीला टेकून रांगेत बसायचं. शुभंकरोती आणि रामरक्षा झाली की लगेच बारा महिने, सत्तावीस नक्षत्रं, तिथी, मग पाढे. पाढे म्हणजे नुसते तीसपर्यंतचे नव्हेत, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज सांगितलं तर मुलांना चेष्टा वाटते. आजोबा डोळे मिटून ऐकत. आम्हाला वाटायचं झोपलेत. एकदा चुलतभावाने अकरा औटे खाऊन टाकले, तर डोळे न उघडता म्हणाले, "साडेअडतीस रुपये कुणाच्या खिशात गेले?"

त्यात देव किती आणि गणित किती, कुणी मोजलं नाही. आजोबांचा देवावर किती विश्वास होता हेही मला आजतागायत ठाऊक नाही. पण त्या वेळी ते घरात असायचे, हे नक्की. तुमच्या पोस्टमधलं मला खटकलं ते अलेक्सा नाही. 'आम्ही चांदणी चौकात असतो' हे खटकलं.

निरीश्वर_नाना | ११ सप्टेंबर, सकाळी ९:१२

वेगळं मत मांडतो, रागावू नका.

थोरलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला 'मोठ्यांना असं विचारू नये' हे उत्तर मिळालं नाही, इथेच तुम्ही अर्धी लढाई जिंकली आहे. जे पटत नाही ते मुलांसमोर करून दाखवलं की मुलं देव शिकत नाहीत, नाटक शिकतात. मी घरात पूजा करत नाही. माझ्या दोन्ही मुली रांग मोडत नाहीत, कामवाल्या मावशींना अहोजाहो करतात आणि मतदानाला उन्हात उभ्या राहतात. हे सगळं टाकांशिवाय झालं.

टाक संग्रहालयात द्या असं म्हणत नाही. चांदीची सुंदर वस्तू आहे, कपाटात ठेवा. पण 'घट बसवले नाहीत तर कोप होईल' ही भीती पुढच्या पिढीकडे जाऊ देऊ नका.

सून_नंबर_दोन | ११ सप्टेंबर, दुपारी १:३०

नाना, तुमच्या मुली अहोजाहो करतात हे छानच. पण पूजा न करण्याची चैन पुरुषाला परवडते. आमच्या घरात नवऱ्याने देव सोडले तेव्हा त्याला 'पुरोगामी' म्हणाले. मी एका वर्षी पुरणावरणाचा घाट घातला नाही, तर 'घराण्याची रीत बुडवली'.

समईताई, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, दोन्ही वस्तू 'माझ्याच' हातात दिल्या. संस्कार, कुलाचार, वारसा, सगळे शब्द मोठे, पण शेवटी नऊ दिवस अखंड दिव्यात तेल घालायला रात्री दोनला कोण उठतं? घट जरूर बसवा. आधी नवऱ्याला रात्रीच्या पाळ्या लावून द्या.

आणि सगळंच पुढे द्यायचं असतं असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. मग त्याच महिन्यात सरकारने राज्यातल्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. तीही परंपराच होती की! माझ्या आईच्या वेळी मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. हेरवाडच्या लोकांनी ती पुढच्या पिढीला दिली नाही, हा मला मोठा संस्कार वाटतो.

माजी_हवालदार | ११ सप्टेंबर, रात्री ८:०२

सुभेदारसाहेबांना सलाम.

ट्रंक उघडली का? मेडल कोणती आहेत ते लिहा. प्रत्येकाच्या कडेवर किंवा मागे नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. पितांबरीने घासू नका. नुसत्या मऊ फडक्याने पुसा.

समई | ११ सप्टेंबर, रात्री १०:४७

सगळ्यांचे आभार. सून_नंबर_दोन, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, 'दोनची पाळी माझी.' लिहून ठेवते.

हवालदारसाहेब, ट्रंक अजून उघडली नाही. सासूबाई 'दसऱ्याला' म्हणतात. गावी त्या खंडेनवमीलाच उघडायच्या. विळा, खुरपं, कुऱ्हाड मांडायची, त्यांच्याशेजारी सासऱ्यांची मेडल आणि बूट पॉलिशची डबी. सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पॉलिशच्या डबीला हळदकुंकू वाहिलेलं पाहून मी नवी सून असताना हसले होते, तेव्हा सासरे म्हणाले होते, "तिच्यावर तुझ्या नवऱ्याचं शिक्षण झालंय."

युद्धाबद्दल ते कधीच बोलले नाहीत. खूप छेडलं तर "नदी लई रुंद होती" एवढंच.

माजी_हवालदार | ११ सप्टेंबर, रात्री ११:०१

नदी म्हणाले असतील तर १९७१ आणि पूर्वेकडची आघाडी असू शकते. आमच्या रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन बसली होती. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. पण मराठ्यांच्या इतर पलटणीही तिकडे होत्या, तेव्हा अंदाजाने मुलांना काही सांगू नका. डिस्चार्ज बुक बघा. आणि पाचकोनी तारा असेल तर त्यावर 'पूर्वी' लिहिलंय की 'पश्चिमी' ते वाचा.

गोदाकाठची | १२ सप्टेंबर, सकाळी १०:२५

तो चौथा टाक! समईताई, तुमच्याकडे 'वीर' आहे, म्हणजे घराण्यात पूर्वी कुणीतरी लढताना गेलेलं आहे. असा माणूस देवांच्या रांगेत जाऊन बसतो. गावोगावी वेशीबाहेर वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्यांचे कोरीव दगड, असतात तेच, फक्त हे घरातलं, चांदीचं आणि तळहातावर मावणारं.

आमच्या नाशकात धुळवडीला वीर नाचवतात. घराघरातले टाक खोबऱ्याच्या वाटीत, लाल कापडात बांधून हातात घ्यायचे, वाजतगाजत गोदावरीवर न्यायचे, अंघोळ घालून परत आणायचे. दाजीबा वीराची मिरवणूक तर बघण्यासारखी. मी लहान असताना भावाच्या हातात आमचा वीर असायचा आणि मी मागून चालायचे. गेल्या वर्षी भाऊ दुबईत होता, तर माझ्या लेकीने घेतला. कुणी काही बोललं नाही. एका काकांनी फक्त 'नीट धर' म्हटलं, ते ती पोरगी आहे म्हणून की पावसाळी चपला घालून आली होती म्हणून, कळलं नाही.

कऱ्हाडकाठ | १२ सप्टेंबर, सकाळी ११:०३

चौथ्या टाकाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. म्हणजे देव्हाऱ्यात आधीच एक सैनिक बसलाय! तुमच्या सासऱ्यांना देव आणि देश वेगळे का काढता येत नव्हते, ते इथे सापडतंय बहुतेक.

आणि साताऱ्याकडच्या घरांत हे जागोजागी आहे. अपशिंगे (मिलिटरी) हे गावाचं नावच बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचा स्तंभ गावात आहे.

पंचशील_गल्ली | १२ सप्टेंबर, रात्री ९:३८

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको, असं चाललं होतं.

आमच्याही घरात काळी ट्रंक आहे. पणजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, त्यानंतर दोन वर्षांनी ते भरती झाले. घरात टाकही होते, म्हणे. आज नाहीत. ऑक्टोबर १९५६ ला पणजोबा नागपूरला गेले, दीक्षाभूमीवरून बावीस प्रतिज्ञा घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरातले देव टोपलीत भरून नदीला गेले. पणजी पायरीवर बसून रडली. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. ते सांगायचे, "बा रिकामी टोपली घेऊन आला आणि त्या टोपलीत माझी पुस्तकं ठेवली."

आमचा वारसा हा असा आहे. ज्या देवळात शिरू देत नव्हते त्याचे देव घरात कशाला, हा त्यांचा साधा हिशोब होता. (पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. तोवर स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं.)

पण 'काही नाही' असंही आमच्याकडे नाही. संध्याकाळी मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील होतं. २६ जानेवारीला झेंडावंदनाहून आल्यावर घरातलं सगळ्यात लहान मूल संविधानाची उद्देशिका वाचतं, चुकलं तर आजी दुरुस्त करते. आजी चौथी पास आहे, तिला पाठ आहे.

समईताई, तुम्ही टाक ठेवा. माझं काहीच म्हणणं नाही. फक्त मुलीने 'मी का करू' विचारलं तर तिला हेही सांगा की याच राज्यात काही घरांनी विचारपूर्वक 'नाही करणार' ठरवलं आणि तेही पुढच्या पिढीला तितक्याच काटेकोरपणे शिकवलं.

निरीश्वर_नाना | १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

टोपलीचं वाचून थांबलो. यावर वाद घालायचा नाही मला.

सून_नंबर_दोन | १२ सप्टेंबर, रात्री १०:२२

आजींना नमस्कार सांगा.

ताशा_तर्री | १३ सप्टेंबर, सकाळी ८:५०

देव-घराचं बरंच झालं, देशाचं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो.

आमच्या सोसायटीत १६ ऑगस्टला सकाळी मी आणि दोन पोरं पिशवी घेऊन खाली उतरतो. गटारीच्या जाळीवर, दुचाकीच्या हँडलला, कुंडीत, जिथे दिसतील तिथले झेंडे गोळा करतो. यंदा पिशवी भरली. आदल्या दिवशी त्याच लोकांच्या डीपीला तिरंगा होता!

फाटलेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो, खाजगीत, शक्यतो जाळून, मान राखून नष्ट करायचा असतो, हे ध्वजसंहितेत आहे. पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना पटेना, 'झेंडा जाळायचा?' मग गच्चीवर घमेल्यात गोवऱ्या घालून केलं. दोघंही आपसूक सावधानमध्ये उभे. मी सांगितलं नव्हतं.

आपल्या नांदेडला खादीचा झेंडा बनतो, हे किती जणांना ठाऊक आहे? २०२१ पर्यंत झेंडा खादीचा किंवा हाताने कातलेला-विणलेलाच लागायचा, मग नियम बदलला, पॉलिस्टर आणि मशीनचाही चालतो. तेव्हापासून स्वस्त झाले आणि गटारीत जास्त दिसायला लागले, हे माझं निरीक्षण. चूक असेल तर सांगा.

झणझणीत | १३ सप्टेंबर, सकाळी ९:०४

सोसायटीत भाषण ऐकायला चार आणि जिलबीला चाळीस, हेही निरीक्षण मांडून ठेवतो.

वाडवळ_वसई | १३ सप्टेंबर, सकाळी ११:३०

आमच्याकडे संध्याकाळी सातला रोझरी. आजी गुडघ्यावर, आम्ही भिंतीला टेकून, प्रार्थना मराठीत. सातलाच टीव्हीवर मालिका. आजीने शेवटी तडजोड केली, जाहिरातींत एकेक दशक (दहा प्रार्थनांचा एक भाग). वरच्या मजल्यावरच्या रामरक्षेचीही तीच गत होती, असं ऐकून आहे :)

कृष्णामाई | १३ सप्टेंबर, दुपारी ४:१७

सातची वेळ निघाली म्हणून. आमच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलत बसतात. आणि भिलवडीला रोज सकाळी बाजारपेठेत राष्ट्रगीत लागतं, सगळे जिथल्या तिथे उभे राहतात. मी एसटीची वाट बघत असताना एकदा सापडले. भजीवाल्याने झारा कढईत तसाच धरला होता. राष्ट्रगीत संपलं आणि पहिला शब्द ऐकू आला तो "करपली!"

निरीश्वर_नाना | १३ सप्टेंबर, दुपारी ५:०२

भोंग्याने संस्कार? हे मात्र मला मान्य नाही. आज मोबाइल बंदचा भोंगा, उद्या कशाचा? वातावरण करा, सक्ती नको.

कृष्णामाई | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:४०

नाना, ग्रामसभेत ठरलंय, वरून आलेलं नाही. आणि तुमच्या शाळेची घंटा काय वातावरण करत होती?

अलिबाग_ते_अश्दोद | १४ सप्टेंबर, रात्री १२:५५

मी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आईवडील १९६० च्या दशकात अलिबागजवळच्या गावातून इस्राएलला आले, मी इथेच जन्मले. मराठी आईकडून शिकले, लिहिताना चुकेन.

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. म्हणतात की हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते, प्रार्थनाही फारशा आठवत नव्हत्या. 'शनिवारी काम नाही' हे तेवढं कुणी सोडलं नाही. का, ते बहुतेकांना सांगता आलं नसतं.

इथे येताना आईने आणलेला वारसा म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, एलियाहू हनबींच्या (प्रेषित एलियांच्या) नावाने. शेजारच्या मोरोक्कन बाईला वाटलं हा आमचा नाश्ता आहे. माझा मुलगा सैन्यात गेला तेव्हा मलिदा केला, परत आला तेव्हाही केला. माझी भारतातली एक बहीण आहे, तिचा नातू भारतीय नौदलात आहे. त्याच्यासाठीही तोच मलिदा, तीच प्रार्थना. देश दोन, ताट एक.

समईताईंच्या मुलीला सांगा, माझाही विश्वास सोमवारी जास्त असतो आणि बुधवारी कमी. पोहे दोन्ही दिवशी भिजतात.

गोदाकाठची | १४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

'शनवार तेली' माहीत नव्हतं. चुकत कुठे लिहिता हो, माझ्या भाच्यांपेक्षा चांगलं मराठी आहे.

प्राजक्ता_न्यूजर्सी | १४ सप्टेंबर, सकाळी ८:३३

देश दोन यावरून. माझा मुलगा रोज सकाळी शाळेत अमेरिकन झेंड्याकडे तोंड करून छातीवर हात ठेवून त्यांची शपथ म्हणतो. रविवारी मराठी शाळेत आपली प्रतिज्ञा. एकदा मला म्हणाला, "आई, दोघांनाही प्रॉमिस केलंय. भांडण झालं तर?" मी 'भांडण होणार नाही' म्हणून वेळ मारून नेली.

आपली प्रतिज्ञा कुणी लिहिली हे मला तरी चाळिशीत कळलं. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव, विशाखापट्टणममध्ये, १९६२ साली आणि मूळ तेलुगूत. आपण ती जन्मजात मराठीत असल्यासारखी म्हणत आलो.

चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरायची तर पाच पुरुष हवेत. इथे कुठून आणायचे? नवरा, मुलगा, एक तमिळ मित्र, एक पंजाबी शेजारी, झाले चार. पाचवी मुलगी. भंडारा उधळायचा नाही (घरमालक!), म्हणून चिमूटभर कपाळाला. ताट उचलून सगळ्यांनी 'येळकोट' म्हटलं, तमिळ मित्राने सगळ्यात जोरात.

झणझणीत | १४ सप्टेंबर, सकाळी ८:४१

जेजुरीला कळवा, पाचवा कोण चालतो याचा खुलासा मागवा.

तात्यांची_पेठ | १४ सप्टेंबर, सकाळी १०:१०

तळी मुलींनी उचलू नये, याला कारण आहे. सगळंच सोयीने बदलायचं तर मग रीत कसली? प्रत्येक पिढीने एकेक वीट काढली तर भिंत उरणार नाही.

प्राजक्ता_न्यूजर्सी | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

तात्या, कारण सांगा, ऐकते. मी वीट काढली नाही, मला चारच मिळाल्या होत्या.

संपादक_मंडळ | १५ सप्टेंबर, सकाळी ९:००

तात्यांच्या प्रतिसादानंतरचे तेरा प्रतिसाद वैयक्तिक झाल्याने उडवले आहेत. तळीवर वेगळा धागा काढावा.

कऱ्हाडकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९:४५

धागा वर काढतो. उद्या घटस्थापना. समईताई, काय ठरलं?

समई | २१ सप्टेंबर, रात्री ११:३०

बसवतोय. थोरलीला खरं तेच सांगितलं, की माझा विश्वास पूर्ण नाही, आजीचा आहे, आणि आजी या घरात राहते. तिने दोन मिनिटं विचार करून अट घातली: ती मदत करेल, पण पाया पडायची सक्ती नको. सासूबाईंना सांगताना माझा जीव वरखाली. त्या म्हणाल्या, "माती चाळायला लाव तिला. पाया कोण पडायला सांगतंय?"

पुण्यात शेतातली माती मिळवणं हाच मोठा कुलाचार आहे, हे आता कळलं. नर्सरीवाल्याने 'कोकोपीट चालेल का' विचारलं.

समई | ४ ऑक्टोबर, रात्री १०:५०

उशीर झाला, पण सांगायला हवं.

घट नीट उगवले. दोनची पाळी नवऱ्याने नऊपैकी सात रात्री केली. खंडेनवमीला ट्रंक उघडली. वर डांबराच्या गोळ्या, खाली घडी घातलेला हिरवा स्वेटर, त्याखाली बूट पॉलिशची डबी, वाळून दगड झालेली. मेडल रुमालात होती. हवालदारसाहेब, तारा पाचकोनी आहे आणि 'पूर्वी'च आहे. धाकट्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि थोरलीने दुसऱ्या गोल मेडलच्या कडेवरचा नंबर एकेक अंक मोठ्याने वाचला. ट्रंकेवरचाच नंबर. पण पुढे हुद्दा 'शिपाई'. ती म्हणाली, "आजोबा सुभेदार होते ना?" आम्ही सगळे त्यांना सुभेदार म्हणूनच ओळखणारे. तेव्हा ते बावीस वर्षांचे शिपाई होते, हे माझ्या नवऱ्याच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "तेव्हा आमची सुपारी फुटली होती. लग्न धरलं होतं, अन् यांची सुट्टी बंद झाली." मग हळूहळू बोलल्या. मी त्यांना सोळा वर्षं ओळखते, हे कधी ऐकलं नव्हतं. माहेरी रेडिओ फक्त पाटलाकडे. बातम्या ऐकायला मुलींना जायची सोय नाही. मग त्यांनी रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायला सुरुवात केली. आईने विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाल्या, "तुळशीचं लग्न होऊन गेलं, तिला एकटं वाटत असंल." होणाऱ्या नवऱ्याला त्यांनी तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. युद्ध तेरा दिवसांत संपलं, दिवा चालूच राहिला. चौपन्न वर्षं.

थोरली काही बोलली नाही. जरा वेळाने मेडल टाकांच्या शेजारी मांडताना तिने विचारलं, "आजी, मग आजोबांचा पण वीर करायचा का? टाक?"

सासूबाई म्हणाल्या, "नाही गं. ते घरी आले ना. हा न आलेल्याचा असतो."

माजी_हवालदार | ४ ऑक्टोबर, रात्री ११:०८

डिस्चार्ज बुक?

समई | ४ ऑक्टोबर, रात्री ११:१५

ट्रंकेच्या तळाशी आहे, पण पानं चिकटलीत. जबरदस्तीने उघडली नाहीत. कशी सोडवायची ते सांगा.

माजी_हवालदार | ४ ऑक्टोबर, रात्री ११:२१

घाई नको. माझ्या ओळखीत जुने कागद सांभाळणारे आहेत, निरोप पाठवतो. तोवर ट्रंकेत गोळ्या ठेवू नका, कोरडी जागा बघा.

निरीश्वर_नाना | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

दिव्याचं दोनदा वाचलं. इलेक्ट्रिकच्या समईचं काय झालं?

समई | ५ ऑक्टोबर, रात्री ८:१०

धाकट्याने उघडून आत काय आहे ते बघितलं, आता ती लागत नाही. तेलाची लागते, सातला नाही, साडेसातला, आम्ही पोचल्यावर. कऱ्हाडकाठ, तुमच्यामुळे परवचाही सुरू आहे. तो आज पावकीत अडला, सात पाव म्हणजे किती ते आजीला विचारायला गेला, आणि आता तिघंजण चिंचोके मांडून बसलेत.